सी ड्राइव्हमागचा माणूस

लॅपटॉप समोर असेल तर एक गोष्ट करून बघा. विंडोजमध्ये नवं फोल्डर बनवा आणि त्याला ‘कॉन’ असं नाव द्या, म्हणजे इंग्रजीत सी, ओ, एन ही तीन अक्षरं. जमणार नाही. कितीही वेळा टाइप करा, कॉम्प्युटर ते नाव घेणारच नाही. ही ट्रिक कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी ना कुणी दाखवतंच, आणि तिच्यासोबत वर्षानुवर्षं एक फॉरवर्डही फिरतोय. म्हणे एका भारतीयाने हे शोधून काढलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अख्ख्या टीमला याचं कारण सांगता आलं नाही! फॉरवर्ड साफ खोटा आहे. कारण माहीत आहे, आणि ते जवळपास पन्नास वर्षं जुनं आहे.

आता आणखी एक प्रश्न. तुमच्या लॅपटॉपमधला पहिला ड्राइव्ह ‘सी’ का? ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले?

या दोन्ही प्रश्नांचा माग काढत गेलात की तुम्ही गॅरी किल्डॉल या माणसापाशी पोचता. कॉम्प्युटरच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे, पण बहुतेक वेळा ते एका किश्श्यापुरतंच घेतलं जातं. आयबीएमची माणसं दारात आली तेव्हा हा पठ्ठ्या विमान उडवायला गेला होता, म्हणून त्याचा बिल गेट्स झाला नाही. किस्सा ऐकायला भारी आहे. पण त्यापायी एका माणसाचं सगळं आयुष्य एका दिवसात कोंबलं गेलं. म्हणून आज बाकीचे दिवसही बघूया.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिॲटलचा. घरची एक शाळा होती, जहाज चालवण्याचं शास्त्र शिकवणारी. ती आजोबांनी सुरू केलेली. गॅरी स्वतः शाळेत काही टॉपर नव्हता. पुस्तकांपेक्षा गाड्यांची खोलजोड करण्यात जास्त रमायचा. पुढे गणिताचा शिक्षक व्हायचं म्हणून तो युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेला आणि तिथे त्याला कॉम्प्युटरचा नाद लागला. १९७२ मध्ये पीएचडी झाली. तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. सक्तीच्या सैनिकी सेवेचा भाग म्हणून त्याला कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवायचं काम मिळालं.

तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र. त्यात गॅरीने इंटेलच्या चिपची जाहिरात बघितली. २५ डॉलरमध्ये कॉम्प्युटर! ती होती ४००४ नावाची चिप, आजच्या मानाने खेळणंच. पण एका माणसाचा स्वतःचा कॉम्प्युटर असू शकतो, हे त्याला त्यातून दिसलं. शिकवणं सांभाळून तो आठवड्यातून एक दिवस इंटेलसाठी काम करायला लागला आणि इंटेलच्या पुढच्या छोट्या चिपसाठी त्याने पीएल/एम नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा लिहिली.

मग फ्लॉपी डिस्क आली. चिप आहे, फ्लॉपी आहे, पण दोघींची गाठ कशी घालायची? जॉन टोरोड या मित्राने त्यासाठीचं सर्किट बनवलं आणि गॅरीने सॉफ्टवेअर लिहिलं. फाइल कुठे ठेवायची, कशी शोधायची, स्क्रीनवर कशी दाखवायची हे सगळं सांभाळणारं. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या गावात, घरामागच्या अवजारांच्या शेडमध्ये ते पहिल्यांदा चाललं. त्याचं नाव सीपी/एम. इंटेलला त्यात रस वाटला नाही. मग गॅरीने आणि त्याची बायको डोरोथी मॅकइवेन हिने स्वतःच कंपनी काढली. सुरुवातीचं नाव होतं ‘इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च’! नंतर ते नुसतं ‘डिजिटल रिसर्च’ झालं. धंद्याची बाजू डोरोथी बघायची आणि तांत्रिक बाजू गॅरी.

याने तुमच्याआमच्यासारख्यांना काय फरक पडला, ते समजून घ्या. त्याआधी प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, म्हणून प्रत्येक मशीनसाठी प्रोग्रॅम नव्याने लिहायचा. गॅरीने सिस्टीमचे तुकडे केले. मशीननुसार बदलणारा भाग एका छोट्या कप्प्यात बाजूला काढला आणि उरलेला सगळा भाग सगळीकडे सारखा ठेवला. त्या कप्प्याचं नाव ‘बायोस’. ओळखीचा शब्द आहे ना? आता नवं मशीन आलं की फक्त कप्पा बदलायचा. वर्डस्टार, डीबेस ही त्या काळची गाजलेली सॉफ्टवेअर यामुळे कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालू शकली. ऐन भरात सीपी/एम सुमारे ३,००० वेगवेगळ्या मॉडेलवर चालत होतं. आज तुम्ही लॅपटॉप कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे ठरवताना त्यावर आपली सॉफ्टवेअर चालतील का याची काळजी करत नाही, त्या सवयीची सुरुवात इथे आहे.

आणि ती अक्षरं? फ्लॉपीच्या एका खणाला ‘ए’ आणि दुसऱ्याला ‘बी’ म्हणायची पद्धत घरगुती कॉम्प्युटरवर सीपी/एमने रूढ केली. हार्ड डिस्क आली तेव्हा ए आणि बी आधीच अडकलेले होते, म्हणून तिच्या वाट्याला ‘सी’. फ्लॉपी गेल्या, सी राहिला. ‘कॉन’ म्हणजे कन्सोल, म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीन. फाइलऐवजी स्क्रीनवर काही पाठवायचं असेल तर हे नाव वापरायचं. सीपी/एममध्ये अशा नावापुढे कोलन लागायचा, त्यामुळे घोटाळा होत नसे. पुढे आलेल्या डॉसमध्ये कोलनची गरज उरली नाही आणि ते नावच राखीव होऊन बसलं. तुमचं फोल्डर अडतं ते इथे.

हे फक्त गमतीपुरतं राहिलं नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये अशी दोन राखीव नावं एकाच पत्त्यात ओळीने लिहिली की अख्खं मशीन बंद पडायचं. एखाद्या वेबपेजमध्ये तसा पत्ता लपवून दुसऱ्याचा कॉम्प्युटर पाडता येत असे. २००० साली मायक्रोसॉफ्टला त्यावर दुरुस्ती काढावी लागली. मूळ सीपी/एममध्ये लॉगिन नव्हतं, पासवर्ड नव्हता, कुठलाही प्रोग्रॅम कुठेही हात घालू शकायचा. एक माणूस, एक मशीन आणि फ्लॉपी टेबलाच्या खणात, अशा दिवसांत ते चालून गेलं. डॉसने तीच समजूत पुढे नेली. पण मशीन एकमेकांना जोडली गेली आणि व्हायरसना रान मोकळं मिळालं.

आता तो किस्सा. १९८० मध्ये आयबीएमला आपल्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. मायक्रोसॉफ्टनेच त्यांना गॅरीकडे पाठवलं. त्या दिवशी गॅरी विमान घेऊन गेला होता हे खरं, पण मजा करायला नाही, एका ग्राहकाला भेटायला. पाहुण्यांशी बोलायला डोरोथी होती, आणि तेच तिचं काम होतं. आयबीएमने गुप्ततेचा एकतर्फी करार पुढे केला आणि तिने सही केली नाही. तो करार बघून कुठल्याही शहाण्या माणसाने विचार केला असता. त्यानंतर नेमकं काय झालं, गॅरी संध्याकाळी त्यांना भेटला की नाही, यावर तिथे असलेल्या लोकांचंच एकमत नाही.

पुढचं मात्र स्पष्ट आहे. आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे परत गेली. सिॲटलच्या एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसन याने सीपी/एमच्या मॅन्युअलवरून, त्याच्यासारखीच चालणारी एक सिस्टीम लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये ती ५०,००० डॉलरला विकत घेतली. तीच डॉस. आपण कोड उचलला नाही, असं पॅटरसन कायम सांगत आला. गॅरीने आक्षेप घेतल्यावर आयबीएमने सीपी/एमची नवी आवृत्तीही विकायचं कबूल केलं. पण ती उशिरा आली आणि किंमत होती २४० डॉलर. डॉस ४० डॉलरला. तुम्ही दुकानात असता तर काय घेतलं असतं? उत्तर द्यायला विमानाचा किस्सा लागतच नाही.

गॅरी तिथे थांबला नाही. १९८३ पासून काही वर्षं त्याने ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या टीव्ही कार्यक्रमात सामान्य लोकांना कॉम्प्युटर समजावून सांगितला. त्याच्या कंपनीने जेम नावाचा चित्रांचा डेस्कटॉप आणला, माउसने चालणारा. १९८५ मध्ये अख्खा एनसायक्लोपीडिया एका सीडीवर आणण्याचं कामही त्याचंच. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीला विकली गेली आणि त्याला पैसाही भरपूर मिळाला. पण तो किस्सा काही पाठ सोडेना.

१९९२ मध्ये त्याच्याच युनिव्हर्सिटीने कॉम्प्युटर विभागाच्या पंचविशीचा कार्यक्रम केला. गॅरीला मान्यवर माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं आणि मुख्य भाषण दिलं बिल गेट्सना, जे त्या युनिव्हर्सिटीचे विद्यार्थीही नव्हते. हे त्याला फार लागलं. तो आपल्या आठवणी लिहायला बसला. पण शेवटच्या वर्षांत दारूने त्याला घेरलं होतं. जुलै १९९४ मध्ये माँटेरेच्या एका बारमध्ये डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ जुलैला, तो गेला. वय ५२.

प्लेसमेंटच्या सीझनमध्ये एखादा इंटरव्ह्यू हुकला की आपण लगेच हिशेब मांडतो, संपलं सगळं म्हणून. मित्रमैत्रिणींबद्दलही तसंच बोलतो. गॅरीबद्दल जगाने चाळीस वर्षं तेच केलं, आणि ते करताना रोज त्याचाच सी ड्राइव्ह उघडला. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये त्याच्या कामाचा फलक लागला. आठवणींचा पहिला भाग त्याच्या मुलांनी २०१६ मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत सगळ्यांसाठी खुला केला. मोफत आहे, एका रविवारी वाचून होईल. आणि पुढच्या वेळी तो ‘कॉन’वाला फॉरवर्ड ग्रुपवर आला की खरं नाव सांगून टाका.