सुरवंटांची मारिया

अंगणात फुलपाखरं यावीत असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण कढीपत्त्यावर अळी दिसली की हात आधी फवाऱ्याच्या बाटलीकडे जातो! अशा वेळी मला हटकून मारिया सिबिला मेरियन आठवते.

मारिया जन्मली १६४७ मध्ये, जर्मनीतल्या फ्रँकफर्टला. ती तीन वर्षांची असताना वडील गेले. सावत्र वडील फुलांची चित्रं काढायचे, त्यांच्याकडेच ती शिकली. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले. किडे चिखलातून, कुजक्या घाणीतून आपोआप जन्मतात, असं तेव्हा भले भले मानत. ही मुलगी मात्र सुरवंटांना ताजा पाला घालायची आणि अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हा सगळा प्रवास बघून कागदावर उतरवायची. लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी हे वेड सुटलं नाही. १६७९ मध्ये तिचं सुरवंटांवरचं पुस्तक निघालं. त्यात पन्नास चित्रं, आणि अळीसोबत ती जे झाड खाते तेही काढलेलं.

पुढे नवऱ्याशी जमेना. १६८५ च्या सुमारास आई आणि मुलींना घेऊन ती हॉलंडला गेली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये चित्रं विकून तिने घर चालवलं. आणि १६९९ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, चित्रं विकूनच पैसा उभा केला आणि धाकट्या मुलीसोबत ती जहाजाने थेट दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला निघाली! तिथले मळेवाले उसापलीकडे काही बघत नसत. या बाईच्या किड्यांना ते हसायचे.

आपल्या दारातला शंकासुर तिथेही होता. त्याचं चित्र काढताना मारियाला गुलाम बायकांनी एक गोष्ट सांगितली. पोटचं मूल गुलामीत जन्मू नये म्हणून या झाडाच्या बिया खाऊन त्या गर्भ पाडायच्या. मारियाने हे लपवलं नाही, पुस्तकात लिहून ठेवलं. मला ती सर्वांत मोठी वाटते ती इथे.

आजारपणामुळे १७०१ मध्ये तिला परतावं लागलं. १७०५ मध्ये साठ चित्रांचं सुरिनामचं पुस्तक आलं. १७१७ मध्ये ती गेली. युरो येण्यापूर्वी जर्मनीच्या पाचशे मार्कच्या नोटेवर तिचं चित्र होतं.

तिचं साधं म्हणणं आपल्या बागेतही लागू पडतं. फुलपाखरू हवं तर अळीचं झाडही हवं. फुलातला मध प्यायला येणारं फुलपाखरू अंडी घालायला ठरावीक झाडच शोधतं. लिंबू, कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी बारकी अळी असते. मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि तिचंच पुढे काळं-पिवळं फुलपाखरू होतं. म्हणून एखादी फांदी तिला सोडून द्या. पानफुटीची एक कुंडी ठेवा. मधासाठी झेंडू, सदाफुली, शंकासुर लावा. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, मधमाश्या त्यावर तुटून पडतात. फुलांवर औषध मारणं तेवढं टाळा, कारण माश्या फिरल्या नाहीत तर परसातल्या भोपळ्याला फळ धरत नाही.

चार पानं कुरतडली जातील, जाऊ देत. त्या पानांचेच पंख होणार आहेत.