विश्लेषण : भुंगेऱ्यामुळे जीव वाचलेले लात्रेय... संधिपाद प्राण्यांची वर्गवारी त्यांनी कशी बसवली?

ताटातली कोळंबी, ओट्याखालचे झुरळ, दगडाखालचा विंचू आणि पावसाळ्यात मोरीतून निघणारी गोम यांच्यात नाते काय? हे चारही प्राणी संधिपाद आहेत. म्हणजे पायांना सांधे, शरीराचे खंड आणि अंगावर कवच. आजवर नोंदवलेल्या प्राणिजातींपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक याच संघात मोडतात. नुसते कीटकच सुमारे १० लाख जातींचे आहेत. या पसाऱ्याची घडी बसवणाऱ्यांमध्ये एका फ्रेंच धर्मगुरूचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

लात्रेय कोण होते?

प्येर आंद्रे लात्रेय यांचा जन्म नोव्हेंबर १७६२ मध्ये फ्रान्समधील ब्रीव या गावी झाला. आई-वडिलांचा विवाह झालेला नव्हता. वडील लष्करातले बडे अधिकारी, पण त्यांनी मुलाला अधिकृतपणे आपले म्हटले नाही. हितचिंतकांच्या मदतीने लात्रेय यांचे शिक्षण पॅरिसला झाले. १७८६ मध्ये त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली. मन मात्र किड्यांमध्ये रमत होते.

तुरुंगात काय घडले?

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये धर्मगुरूंसाठी नवा कायदा आला. त्यानुसार प्रत्येकाने राज्यव्यवस्थेशी निष्ठेची शपथ घेणे सक्तीचे झाले. लात्रेय यांनी ती घेतली नाही. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे बोर्दो शहरातील तुरुंगात टाकण्यात आले. अशा कैद्यांच्या नशिबी हद्दपारी किंवा मृत्यू, असेच ते दिवस होते.

पुढची हकिकत कीटकशास्त्राच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. एका आजारी वृद्ध कैद्याला तपासायला तुरुंगाचे डॉक्टर आले, तेव्हा लात्रेय कोठडीच्या फरशीवरचा एक भुंगेरा निरखत होते. हा किडा दुर्मीळ असल्याचे त्यांनी डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी तो बोरी द सँ व्हँसाँ या जेमतेम १५ वर्षांच्या निसर्गप्रेमी मुलाला दाखवला. या मुलाला लात्रेय यांचे काम ठाऊक होते. त्याने खटपट करून लात्रेय यांची आणि आणखी एका कैद्याची सुटका करवली. मागे राहिलेले कैदी महिनाभरातच मृत्युमुखी पडले, असे सांगतात.

तो भुंगेरा म्हणजे नेक्रोबिया रुफिकॉलिस. लांबी जेमतेम ५ मिलिमीटर, पुढचा भाग तांबूस, मागचा चकाकता निळा. मेलेल्या प्राण्यांच्या सुकलेल्या अवशेषांवर तो जगतो. त्याचा एक सख्खा नातलग सुके खोबरे आणि सुकी मासळी पोखरतो.

त्याआधी वर्गीकरण कसे होत असे?

स्वीडनच्या लिनियस यांनी १७५८ मध्ये सगळे संधिपाद कीटक या एकाच वर्गात टाकले होते. त्यांचे सात गण केले, तेही मुख्यतः पंखांवरून. ज्यांना पंख नाहीत ते सगळे एका गणात. त्यामुळे उवा, पिसवा, कोळी, विंचू, गोम आणि खेकडा एकाच खणात जाऊन बसले. लिनियस यांचे शिष्य फॅब्रिसियस यांनी पंखांऐवजी तोंडाच्या अवयवांना महत्त्व दिले. पण कसोटी पुन्हा एकच.

लात्रेय यांनी वेगळे काय केले?

एकाच अवयवावर निकाल द्यायचा नाही, हे त्यांचे सूत्र. पंख, तोंड, पाय, मिशा, शरीराचे खंड हे सगळे एकत्र पाहायचे आणि सर्वांगाने जुळणारे प्राणी जवळ ठेवायचे. १७९६ मध्ये त्यांनी स्वखर्चाने ब्रीवमध्ये पुस्तक छापले. त्यात कीटकांच्या प्रजाती कुलांमध्ये गटवल्या होत्या. आधी ही कुले नुसत्या क्रमांकांची होती, नावे नंतर मिळाली. आज कीटकाच्या ओळखीत कुलाचे नाव सर्रास येते, त्याची वाट इथून सुरू होते.

खेकडे-कोळंबीचा दशपाद गण आणि गोमेचा बहुपाद गट ही नावे त्यांनी १८०२ मध्ये रूढ केली. पिसवांच्या स्वतंत्र गणाचे आजचे शास्त्रीय नाव १८२५ मधले, तेही त्यांचेच.

१८१० च्या ग्रंथात त्यांनी आणखी एक सोय केली. अनेक प्रजातींसाठी एकेक प्रातिनिधिक जात ठरवून दिली. इंजिनीअरिंगच्या भाषेत हा प्रमाण नमुना. प्रजातीचे पुढे कितीही तुकडे झाले, तरी मूळ नाव कोणाकडे राहणार याचा वाद त्यावरून मिटतो. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही त्यांची ही यादी ग्राह्य धरली.

मग मानसन्मान मिळाला का?

मिळाला, पण उशिरा. १७९७ मध्ये ते पुन्हा नजरकैदेत गेले, पुस्तके जप्त झाली. क्युव्हिए, लामार्क यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी शब्द टाकल्यावर सुटका झाली. १७९८ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात कीटकसंग्रह लावण्याचे काम मिळाले. लामार्क यांची दृष्टी गेल्यावर त्यांच्या जागी व्याख्याने लात्रेय देऊ लागले, प्राध्यापकाचे पद मात्र नव्हते. लामार्क यांच्या निधनानंतर १८३० मध्ये ते मिळाले, तेव्हा वय ६७ होते. ६ फेब्रुवारी १८३३ रोजी त्यांचे निधन झाले.

आज याचा उपयोग काय?

शेतकऱ्यांना विचारा. पिकावर लाल कोळी पडला, तर अनेक कीटकनाशके त्यावर चालत नाहीत, कोळीनाशकच लागते. कारण कोळी हा कीटक नव्हेच. कीटकाला सहा पाय, तर वाढ पूर्ण झालेल्या कोळ्याला आठ. तो विंचवाच्या वर्गातला. ओळख चुकली की फवारणीचा खर्चही वाया आणि पीकही हातचे जाते.

लात्रेय बरोबर ठरले का?

बऱ्याच अंशी, पूर्णपणे नाही. दिसण्यावरून कीटक गोमेच्या जवळचे वाटतात. जनुकीय अभ्यासाने मात्र ते खेकडे-कोळंबीच्या गटातूनच निघाल्याचे दाखवले. म्हणजे ओट्याखालचे झुरळ गोमेपेक्षा ताटातल्या कोळंबीला जास्त जवळचे! तरीही एका खुणेवर न जाता सगळा पुरावा जमेस धरायचा, ही पद्धत कायम आहे. फक्त पुराव्यात आता जनुकांची भर पडली.

पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत लात्रेय यांची समाधी आहे. फ्रान्सच्या कीटकशास्त्र संस्थेने उभारलेल्या तिथल्या स्तंभावर त्यांच्यासोबत नेक्रोबिया रुफिकॉलिसचेही नाव कोरलेले आहे, त्यांचा तारणहार म्हणून.