ओवीतला येशू

आजचं वाचन अनुवाद ६:४-९. मुलांना घरात, वाटेत, उठता-बसता शिकवा असं सांगणारा भाग. तो वाचला की मला फादर थॉमस स्टीफन्स आठवतात.

हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि पुढची बहुतेक वर्षं साष्टीत राहिले. तिथल्या नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्यांवर पोर्तुगीज सत्तेनं बंदी घातली होती. (ती जबरदस्तीच होती, झाकायचं कशाला?) मग घरी मुलांना सांगायचं काय? ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रींकडे हेच गाऱ्हाणं घेऊन येतो.

प्रश्नोत्तरांचं शिकवणीचं पुस्तक स्टीफन्सनी लिहिलंच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या, त्याही मराठीत! स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून १६१६ मध्ये राचोलला पुराण रोमन लिपीत छापलं. १६१९ मध्ये ते वारले. ओव्या मात्र चर्चमध्ये रविवारी, सणांना म्हटल्या जात राहिल्या.

या रविवारी संडे स्कूलला टॅब बंद. काना गावच्या लग्नाची गोष्ट मी तोंडी, मराठीत सांगणार आहे. आधी आईला ऐकवून बघतो.