नाथांनी वाचवलेला डेटा

एकनाथ महाराज म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातलं ते तहानलेलं गाढव आठवतं, ज्याला नाथांनी कावडीतली गंगा पाजली. फार तर भारूड आठवतं, कारण गॅदरिंगला विंचवाचं भारूड ठरलेलंच असतं. पण आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना नाथ आपले वाटावेत असं एक काम त्यांनी केलं आहे, आणि त्याबद्दल होस्टेलात कुणी बोलताना ऐकलं नाही. म्हणून हा खटाटोप.

माझं गाव वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसलं की शेवटी अठरावा अध्याय संपतो आणि त्याला जोडूनच आणखी काही ओव्या म्हटल्या जातात. लहानपणी मला त्याही ज्ञानेश्वरांच्याच वाटायच्या. आजोबांनी सांगितलं, अरे, या नाथांच्या आहेत, जवळजवळ तीनशे वर्षांनंतरच्या. एकाच्या ग्रंथाखाली दुसऱ्याची सही कशी काय, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला.

नाथांचा जन्म पैठणचा, साधारण १५३३ चा. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणी यांनी सांभाळ केला. पणजोबा संत भानुदास. विजयनगरला गेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणजे गेलेलं परत आणणं हा या घराण्याचा जुनाच उद्योग म्हणायचा! बारा वर्षांच्या सुमारास एकनाथ घरातून निघाले ते थेट देवगिरीला, जनार्दनस्वामींकडे. स्वामी निजामशाहीत किल्लेदार होते आणि साधकही. तिथे अध्यात्माबरोबर शिष्याकडे किल्ल्याचा हिशेबही आला.

इथली गोष्ट मला सगळ्यात आवडते. हिशेबात एका पैची चूक लागत नव्हती. एकनाथ रात्रभर दिवा लावून वह्या उलटत बसले, पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळ्या पिटल्या. परंपरेतली कथा आहे, खरीखोटी तपासायला जाऊ नये. पण सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याने एका सेमीकोलनपायी पहाट पाहिली आहे त्याला तिचा पुरावा लागणार नाही.

पुढे तीर्थयात्रा झाली, गिरिजाबाईंशी लग्न झालं, पैठणला संसार सुरू झाला. भागवताच्या एकादश स्कंधावरची मराठी टीका, म्हणजे एकनाथी भागवत, त्यांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली.

आता मूळ मुद्दा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, नेवाशाला. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ओव्या नऊ हजारांच्या आसपास. छापखाना नाही, त्यामुळे नकलेवरून नक्कल, त्या नकलेवरून आणखी एक. कुणाची ओळ सुटली, कुणी न कळणारा जुना शब्द काढून ओळखीचा घातला, कुणी समासातली टीप आत ओढली, तर कुणी हौसेने स्वतःची ओवी घुसवली. होता होता मूळ पाठावर दुसराच पाठ चढला.

लिनक्स वापरणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे. आमच्या मजल्यावर एका मित्राने पेन ड्राइव्ह समजून डीडी कमांडने चार जीबीची आयएसओ सरळ हार्ड डिस्कच्या पार्टिशनवर लिहिली. त्यात फायनल इयरचा प्रोजेक्ट. नशीब, त्याने लगेच मशीन बंद केलं. मग सीनियरने डीडीरेस्क्यूने अख्ख्या पार्टिशनची इमेज दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि हात लावला तो फक्त त्या प्रतीला. ईएक्सटी४ आपल्या सुपरब्लॉकच्या प्रती पार्टिशनभर ठिकठिकाणी ठेवते, त्यातली पुढची एक शाबूत निघाली. एफएससीके चालवल्यावर लॉस्ट अँड फाउंडमध्ये नुसत्या नंबरांच्या फाइलींचा ढीग पडला, नावं गेलेली. जुन्या डिस्कवर हे जमलं. एसएसडीवर फॉरमॅट करताना ट्रिम गेली असती तर एवढंही हाती लागणं कठीण. पण ज्या चार जीबीवर आयएसओ बसली तिथलं काहीही आलं नाही. तिथे कुठलंच टूल चालत नाही. त्यातल्या दोन फाइली मिळाल्या त्या ग्रुपमधल्या मुलीच्या लॅपटॉपवरून, कारण तिच्याकडे कॉपी होती.

नाथांपुढे हीच परिस्थिती होती. मूळ पोथी नाही, आहेत त्या प्रती, आणि प्रत्येक प्रत वेगळ्या जागी बिघडलेली. कथा अशी की ज्ञानेश्वर स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, येऊन सोडव. नाथ आळंदीला गेले, समाधीचं स्थान शोधलं. त्यानंतर पोथी शुद्ध करायचं काम. एका प्रतीत बिघडलेली जागा दुसऱ्या प्रतीत बरी असू शकते, एवढाच काय तो आधार. शके १५०६, म्हणजे १५८४, भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला काम पुरं झालं. अखेरीस त्यांनी लिहून ठेवलं की ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांमुळे बिघडला, आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये. चक्क रीड-ओन्ली! पारायणाच्या शेवटी म्हणतात त्या ओव्या याच.

पण एक गोष्ट मला खटकते. नाथांनी कुठल्या प्रती ताडल्या, कुठला शब्द बदलला, याची यादी आपल्याकडे नाही. म्हणजे रिपेअर झालं, पण लॉग नाही. त्यांची प्रत घरोघर गेली आणि जुने पाठ मागे पडले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली. ती नाथांच्या आधीची आहे असं त्यांचं मत होतं आणि त्यावर विद्वानांत बरीच जुंपली. नाथांना दोष द्यायचा माझा इरादा नाही. त्यांनी हात घातला नसता तर वडनेरला पारायणात आम्ही काय वाचलं असतं कोण जाणे.

नाथांनी १५९९ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला असं मानतात. त्या दिवशी अजूनही पैठणला षष्ठीची यात्रा भरते, आणि जायकवाडीच्या जलाशयाला नाव आहे नाथसागर. शेवटचा मोठा ग्रंथ भावार्थ रामायण मात्र अर्धाच राहिला. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय नाथांचे, पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. तिथे जोड नेमका कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे.