नद्यांची नोंद ठेवणारा सैनिक

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० साली इंग्लंडमध्ये झाला. ऐन कुमारवयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. १८१७ साली खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढले. ज्या प्रदेशात ते शत्रू म्हणून आले, त्याच प्रदेशाचा अभ्यास पुढे त्यांच्या आयुष्याचे मोठे कार्य ठरले.

१८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. माणसे, पिके, पाऊसपाणी, पशुपक्षी या सर्वांच्या नोंदी त्यांनी केल्या. भीमा व तिला मिळणाऱ्या मुळा-मुठेसारख्या नद्यांतील मासेही त्यांतून सुटले नाहीत.

माशांची गणती सोपी नसते, कारण नदी बारमाही एकसारखी नसते. आषाढात सह्याद्रीवर पाऊस कोसळला की ती गढूळ होऊन दुथडी भरते आणि अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात. आश्विनात पाणी निवळते, तेव्हा काठच्या उथळ पाण्यात पिलांचे थवे दिसतात. वैशाखात धार तुटते, डोह तेवढे उरतात व मासे त्यांत दाटीने राहतात. हवेतून श्वास घेऊ शकणारी मरळ अशा पाण्यातही तग धरते. म्हणून नदीची खरी ओळख होण्यास वर्षानुवर्षे चिकाटीने काम करावे लागते.

ती चिकाटी साइक्स यांच्या अंगी होती. ताजे मासे मिळवून ते त्यांची मापे घेत व त्या मापांवरून चित्रे तयार करीत. १८२९ मध्ये सरकारने त्यांचे पदच रद्द केले. तरी त्यांनी काम अर्धवट टाकले नाही. १८३१ साली ते पुरे केले.

पुढे १८३८ मध्ये दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे वाचला गेला. त्यात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन होते, आणि त्यांपैकी बहुतेक जाती शास्त्राला नवीन होत्या. नावे देताना त्यांनी अनेकदा येथील लोकांच्या तोंडचीच नावे स्वीकारली. खुद्री, कोलस, मुल्या ही नावे आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत आढळतात.

साइक्स पुढे कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष व ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद झाले. १८७२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज पुण्याच्या नद्यांवर धरणे उभी आहेत, त्यांत शहराचे सांडपाणी मिसळते. वर चढणाऱ्या माशांची वाट अडली आहे, आणि साइक्स यांनी नोंदविलेल्या काही जाती तेथे दिसेनाशा झाल्या आहेत. नदीने काय गमावले, हे कळण्यास तिच्याजवळ पूर्वी काय होते हे ठाऊक असावे लागते. तो हिशेब साइक्स यांनी आपल्या हाती ठेवला आहे.