छडी नसलेला वर्ग : ताराबाई मोडक



जून महिना सरत आला की आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात. उन्हामुळे इथे बाकी महाराष्ट्रापेक्षा जरा उशीरच होतो. नवे दप्तर, नवी वही आणि त्याबरोबर आईबाबांची जुनी ताकीद: टीचरचे ऐक, नाहीतर मार बसेल. चांगले वागणे आणि मार यांची अशी जोडी आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकली आहे. ही जोडी तोडण्यासाठी आयुष्य वेचणारी एक बाई काही वर्षे आपल्याच अमरावतीत संसार करून गेली. तिची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही, म्हणून या रविवारी तिच्याविषयी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाचे, सुधारकी वळणाचे. आईचा हा पुनर्विवाह होता, आणि त्या काळी एवढ्या एका कारणासाठी लोकांची किती बोलणी खावी लागत हे वेगळे सांगायला नको. मुलगी मात्र शिकली. १९१४ साली बी. ए. झाली आणि पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह करून वऱ्हाडात आली. हा संसार टिकला नाही. त्याची कारणे शोधत बसणे आम्हाला योग्य वाटत नाही. लहानग्या मुलीला घेऊन १९२१ मध्ये त्या राजकोटला गेल्या आणि शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या बाईने लेकरासह परक्या मुलखात उभे राहायचे, याची कल्पना आपल्या धर्मग्रामातल्या काही भगिनींना आमच्यापेक्षा अधिक असेल.

प्राचार्यपद होते, पगार होता, मान होता. पण स्वतःच्या मुलीला कुठल्या शाळेत घालावे हा प्रश्न सुटेना. त्यातूनच भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराशी त्यांची ओळख झाली. गिजुभाई मूळचे वकील. मुलांसाठी त्यांनी वकिली सोडली होती. ताराबाईंनीही १९२३ साली प्राचार्यपद सोडले आणि लहान मुलांच्या त्या शाळेत कामाला लागल्या. लोक प्राथमिक शिक्षकाला हलका समजत (अजूनही समजतात), तेव्हा हा निर्णय किती जणांना वेडेपणा वाटला असेल!

त्या शाळेत काय होते? छडी नव्हती. आणि ऐकून नवल वाटेल, बक्षीसही नव्हते. पहिला नंबर, दुसरा नंबर नाही. ही मांडणी इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांची. या बाई कॅथलिक होत्या, आणि १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले होते. त्यांच्या पद्धतीत वर्गातले प्रत्येक साधन एकच ठेवतात. दुसऱ्याच्या हातात ते असेल तर थांबायचे, हिसकावायचे नाही, काम झाले की त्याने जागेवर ठेवायचे. धीर धरावा असे पाठ करून घेण्याऐवजी धीर धरायची वेळच मुलावर रोज दहादा येते. खुर्ची आवाज न करता कशी उचलावी, दार हळू कसे लावावे, कुणाच्या वाटेत आलो तर काय म्हणावे, हे बाई स्वतः करून दाखवतात. केर काढणे, भांडी पुसणे हेही मुलांचेच काम. आपल्या गाडगेबाबांच्या हातातला खराटा आठवतो.

शांतीचा खेळ तर आम्हाला फारच आवडतो. सगळी मुले डोळे मिटून अगदी स्तब्ध बसतात. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागते. मग शेजारच्या खोलीतून बाई अगदी हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेतात आणि ते मूल पावलांचा आवाज न करता उठून जाते. चाळीस मुलांवर ओरडून जी शांतता मिळत नाही ती अशी मिळते. मारकुट्या मुलाचे काय, असे कुणी विचारेल. त्याला बाईंच्या जवळ, वेगळ्या टेबलाशी बसवतात. तिथून त्याला इतरांचे काम दिसत राहते. टोमणे मारत नाहीत, उलट आजारी मुलासारखी त्याची विचारपूस करतात.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. पण महागडी साधने आणि शहरातली मुले यांवर त्यांचे समाधान होईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे राहिले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात येतो, वसईच्या आपल्या बांधवांना परिचयाचा. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. तिचे नाव अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. आधी मुलांना अंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग खेळ आणि गाणी. रोमच्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, पाने. सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. दोनच वर्षांनी देशभर अंगणवाड्या सुरू झाल्या. मुलांना मारणे व त्यांचा मानसिक छळ करणे यांवर शाळेत बंदी आणणारा कायदा मात्र २००९ साली झाला.

हे सगळे लिहिताना आम्हालाच अडचण वाटू लागली. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात आम्ही छडी वापरत नाही, पण भिंतीवर एक तक्ता आहे. शहाण्या मुलाला चांदणी. गेल्या वर्षी एका मुलीच्या नावापुढे अखेरपर्यंत एकही चांदणी लागली नाही, आणि नंतर ती वर्गाला यायचीच बंद झाली. प्रभू येशूने लेकराला मध्ये उभे केले तेव्हा ते शहाणे आहे का, असे त्याने आधी विचारले नव्हते, हे आम्हाला फार उशिरा आठवले.

परवा आम्ही तो तक्ता काढून ठेवला. तिच्या घरी जाऊन आलो. पुढच्या रविवारी शांतीचा खेळ घ्यायचा आहे. तक्ता कुठे गेला म्हणून ज्यांच्या सर्वांत जास्त चांदण्या होत्या त्या दोघांनी विचारलेच. त्यांना काय सांगायचे ते अजून आमचे ठरलेले नाही.