मेरी समनर : मातृसंघाची संस्थापिका

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पुष्कळ भगिनी अशा आहेत की, चार बायकांसमोर प्रार्थना करावयास सांगितले असता त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यांस बोधप्रद व्हावे म्हणून इंग्लंडातील मेरी समनर ह्या बाईंचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

मेरीबाईंचा जन्म ३१ डिसेंबर १८२८ रोजी मँचेस्टर शहराजवळील स्विंटन गावी झाला. त्यांचे वडील थॉमस हेवुड हे पेढीवाल्या घराण्यातील असून इतिहासाचे व्यासंगी होते. मेरीबाई लहान असतानाच हे कुटुंब हेरफर्डशायर प्रांतातील होप एंड येथे राहावयास गेले. त्यांचे शिक्षण घरीच झाले. त्या परभाषा शिकल्या, आणि गाण्याचा गळा चांगला असल्यामुळे संगीताच्या शिक्षणाकरिता त्यांस रोम शहरी नेण्यात आले. तेथे विंचेस्टरच्या बिशपांचे चिरंजीव जॉर्ज हेन्री समनर ह्यांची व त्यांची ओळख झाली, आणि १८४८ साली उभयतांचा विवाह झाला. १८५१ साली समनरसाहेब हँपशायर प्रांतातील ओल्ड ऑल्सफर्ड ह्या लहानशा गावाचे पाळक झाले. मेरीबाईंनी आपली तीन मुले वाढविली व पतीस मंडळीच्या कामात साहाय्य केले. अशी सुमारे पंचवीस वर्षे गेली.

१८७६ साली त्यांची थोरली कन्या मार्गारेट हिला मूल झाले. नातवंड हाती येताच मेरीबाईंस आपले पहिले बाळंतपण आठवले. त्या वेळी एका जिवाचा सांभाळ आपणांवर सोपविला आहे ह्या जाणिवेने त्या घाबरून गेल्या होत्या. कारण त्या कामाची तयारी कोणी त्यांच्याकडून करून घेतली नव्हती. सुतारास सुतारकी शिकावी लागते, शिक्षकास अध्यापन शिकावे लागते. मग आईचे काम मात्र शिकविल्यावाचून येईल असे लोक का मानतात, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. आणि ही अडचण श्रीमंत घरच्या स्त्रीस जितकी, तितकीच मजुराच्या बायकोसही आहे, हेही त्यांनी ओळखले.

तेव्हा त्यांनी गावातील सर्व थरांच्या आयांस पाळकांच्या बंगल्यावर बोलाविले. बायका जमल्या, परंतु त्यांस पाहताच मेरीबाईंचे धैर्य खचले व त्यांच्याने बोलवेना. पुढील आठवड्यात पुन्हा यावे, एवढीच विनंती करून त्या दिवशी सभा मोडली. बायका पुन्हा आल्या, आणि ह्या खेपेस मेरीबाई बोलल्या. बाप्तिस्म्याच्या वेळी आपली मुले आपण देहाने व आत्म्याने प्रभूस वाहिली आहेत, म्हणून त्यांस त्याच्या सेवेकरिता वाढविणे हे आपले कर्तव्य होय, अशा आशयाचे वचन छापलेली कार्डे त्यांनी आयांस दिली. मदर्स युनियन, म्हणजे मातृसंघ, ह्याचा आरंभ हा असा झाला.

पुढे नऊ वर्षे हे काम गावापुरतेच राहिले. १८८५ साली पोर्ट्‌समथ येथे चर्च काँग्रेस भरली. तेथे स्त्रियांच्या मोठ्या सभेत न्यूकॅसलचे बिशप अर्नेस्ट विल्बरफोर्स बोलावयाचे होते; परंतु आयांशी आईनेच बोलणे बरे, असे वाटून त्यांनी मेरीबाईंस उभे राहण्याची विनंती केली. त्या काळी स्त्रियांनी अशा सभेत भाषण करण्याची चाल नव्हती. मेरीबाई प्रथम नको म्हणाल्या, मग उठल्या. त्यांचे बोलणे ऐकून आलेल्या स्त्रियांनी आपापल्या गावी शाखा काढण्याचा निश्चय केला. विंचेस्टरचे बिशप हॅरल्ड ब्राउन ह्यांनीही आपल्या प्रांतात संघास आश्रय दिला. १८८८ साली संघाचे पत्र निघू लागले. १८९६ साली मध्यवर्ती मंडळ स्थापन होऊन मेरीबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीने संघाचे आश्रयदातृत्व स्वीकारले. १९०० सालापर्यंत सभासदांची संख्या सुमारे १,६९,००० झाली होती.

संघाच्या इतिहासातील एक खेदकारक गोष्टही सांगितली पाहिजे. विवाहबंधन आमरण टिकावे असा संघाचा आग्रह असल्यामुळे घटस्फोट झालेल्या स्त्रीस सभासद होता येत नसे. एकटीने मुले वाढविणाऱ्या आईस बहिणींच्या आधाराची अधिक गरज, आणि तिलाच दार बंद! पुष्कळ जणींची मने ह्याने दुखावली. हा नियम मेरीबाईंच्या मागे अर्धशतकाने, १९७० नंतरच्या काही वर्षांत, बदलण्यात आला. विवाहाचा मान राखणे व दुखावलेल्या बहिणीस जवळ घेणे ही दोन्ही कामे मंडळीचीच आहेत, असे आम्हांस वाटते.

१९०९ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, मेरीबाईंनी अध्यक्षपद सोडले. त्याच वर्षी त्यांचे पती निवर्तले. ११ ऑगस्ट १९२१ रोजी, ब्याण्णव वर्षांच्या होऊन, त्या स्वतः प्रभूकडे गेल्या. विंचेस्टरच्या मुख्य मंदिराच्या आवारात पतीशेजारी त्यांस मूठमाती देण्यात आली. त्यांचा संघ आज ८० हून अधिक देशांत कार्य करीत आहे.

प्रिय भगिनींनो, पहिल्या सभेत तुमचा कंठ दाटून आला, तर लाजू नका. बायकांस पुढील आठवड्याचे आमंत्रण द्या; आणि उपदेशकबंधूंनो, त्या दिवशी त्यांच्याकरिता सतरंजी आपण स्वतः अंथरून ठेवा.